घरी पीसीबी करणं : घासणं, इचिंग, भोकं (कोल्हापूर आणि आसपासच्या मंडळींसाठी धागा)

उद्यमनगरी

गेल्या रविवारी शेजारचा मुलगा डिप्लोमाच्या प्रोजेक्टचा पीसीबी, म्हणजे तारांऐवजी तांब्याच्या रेघांनी (ट्रॅकनी) सर्किट जोडलेला बोर्ड, घेऊन आला. हा त्याचा तिसरा. तिन्हींवर एकच दुखणं: ट्रॅक मध्येच खाल्ले गेलेले आणि जिथलं तांबं जायला हवं तिथं ठिपके तसेच राहिलेले. म्हणाला, "काका, फेरिक खराब आलंय." मी त्याच्याच बाटलीतलं फेरिक (फेरिक क्लोराईड, नको असलेलं तांबं खाणारं द्रावण; हे खाणं म्हणजेच इचिंग) ट्रेमध्ये ओतलं, माझ्याकडचा तांब्याच्या प्लेटचा एक तुकडा त्याच्यासमोर घासला, मार्करनं चार रेघा ओढल्या आणि आत सोडला. बारा मिनिटांत स्वच्छ निघाला.

उद्यमनगरात पॅनेलचं काम करता करता मला घरी बोर्ड करायला लागून वीस वर्षं होऊन गेली. माझे आणि दुसऱ्यांचे वाया गेलेले बोर्ड पाहून एवढं ठाम सांगतो: बोर्ड बिघडतो तो प्लेट घासताना आणि ट्रॅकची प्रिंट तिच्यावर इस्त्रीनं चिकटवताना. फेरिकमध्ये गेल्यावर ते नुसतं दिसायला लागतं. म्हणून हा धागा. नवीन मुलांनी बिनधास्त विचारावं, जाणत्यांनी भर घालावी.

आधी प्लेट. बाजारात दोन प्रकार मिळतात. तपकिरी असते ती कागद आणि फिनॉलिकची, आणि हिरवट-पिवळसर, उजेडात धरली तर आरपार दिसणारी ती काचेच्या कापडाची, म्हणजे एफआर-४. जाडी साधारण १.६ मिमी आणि वर ३५ मायक्रॉन तांबं. पहिल्या दोन-तीन बोर्डांना तपकिरी घ्या. करवतीनं सहज कापते, साध्या ड्रिलनं भोक पडतं आणि स्वस्त असते. तिचा दोष एकच, सोल्डरिंग गन जास्त वेळ टेकवली तर पॅड (पाय सोल्डर करायची तांब्याची टिकली) उचकटतो. हात बसला की एफआर-४ वर या.

आता घासणं. मी पाण्यात पितांबरी कालवून, भांड्यांच्या हिरव्या घासणीनं, गोल गोल घासतो. तांबं सोनेरी-गुलाबी एकसारखं दिसलं पाहिजे. मग नळाखाली धरायचं. पाण्याचा पातळ पडदा सगळ्या प्लेटवर अखंड पसरला तर प्लेट स्वच्छ. कुठं पाणी फाटून थेंब झाले, तर तिथं अजून तेलकटपणा आहे, पुन्हा घासा. ही परीक्षा झाल्यावर प्लेट फक्त कडांना धरायची. बोटाचा एक ठसा तांब्यावर उमटला की त्या जागी टोनर बसत नाही. पावसाळ्यात आपल्याकडं हवा इतकी दमट असते की घासलेली प्लेट रात्रभर ठेवली तर सकाळी काळवंडते, म्हणून घासल्या घासल्या लगेच पुढचं काम.

छापणं. लेझर प्रिंटर किंवा झेरॉक्सच हवी, कारण टोनर म्हणजे प्लास्टिकची पूड असते आणि तीच उष्णतेनं वितळून तांब्याला चिकटते. इंकजेटची शाई चालत नाही. कागद गुळगुळीत आणि पातळ. मी जुन्या दिवाळी अंकांतली जाहिरातींची चकचकीत पानं वापरतो. त्यावरचा पांढरा लेप पाण्यात सुटतो, म्हणून कागद सहज निघतो. पानावर आधीच छापलेल्या मजकुराची काळजी नको, ती शाई तांब्यावर येत नाही. प्रिंट काढताना टोनर सेव्ह बंद, काळेपणा पूर्ण आणि आकार १०० टक्के. "पानात बसवा" हा पर्याय चुकून चालू राहिला की आयसीचे पाय भोकांत बसत नाहीत. कागद हातात आल्यावर आयसी त्यावर ठेवून पाय जुळतात का बघा, मगच इस्त्रीकडं वळा.

इस्त्री कॉटनवर, वाफ बंद. खाली सपाट लाकडी फळी. आधी अर्धा मिनिट नुसतं वजन, म्हणजे कागद हलत नाही. मग तीन-चार मिनिटं इस्त्रीच्या टोकानं कडेकडेनं दाब देत फिरवायचं. कडा नेहमी कच्च्या राहतात. थंड होऊ द्या, दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा आणि अंगठ्यानं कागद चोळून काढा. दोन पॅडच्या मधला, आयसीच्या पायांमधला लगदा जुन्या टूथब्रशनं काढा. तो राहिला की खालचं तांबं खाल्लं जात नाही. ट्रॅक तुटलेला दिसला तर सीडीवर लिहायच्या परमनंट मार्करनं दोन हात द्या.

आणि फेरिक. अर्धा किलो पिवळे-तपकिरी खडे एक लिटर पाण्याला, हे माझं प्रमाण. पाण्यात खडे थोडे थोडे घालायचे, खड्यांवर पाणी ओतायचं नाही. गरम होतं, उडतं. ट्रे प्लास्टिकचा. स्टील, ॲल्युमिनियम, पितळ यांचा त्याला स्पर्शही नको. हातमोजे, चष्मा, जुने कपडे, खिडकी उघडी. फरशीवर सांडलं तर डाग पडतो आणि तो सहजी जात नाही.

ट्रे गरम पाण्याच्या टबात ठेवा. फेरिक ४०-४५ अंशांवर असलं की दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. थंडीत तसंच वापरलं तर पाऊण तास लागतो आणि तेवढ्यात ट्रॅकच्या कडा आतून खाल्ल्या जातात. बोर्डाच्या पाठीला चिकटपट्टीची दांडी लावून मी तो तांब्याची बाजू खाली करून तरंगत ठेवतो. विरघळलेलं तांबं जड असतं, खाली बसतं, आणि वर ताजं फेरिक लागत राहतं.

एक गोष्ट मात्र नक्की करा. बोर्ड सोडल्यावर अर्ध्या मिनिटात बाहेर काढून बघा. उघडं तांबं सगळीकडं फिकट गुलाबी, निस्तेज झालेलं दिसेल. एखादी जागा अजून चकचकीत असेल तर तिथं तेल, टोनर किंवा कागदाचा लगदा आहे. बोर्ड धुवा, ती जागा टूथपिकनं खरवडा, परत सोडा. हे अर्ध्या मिनिटाचं बघणं त्या मुलाला शिकवलं आणि चौथा बोर्ड नीट आला.

भोकांबद्दल इथं आमच्यापेक्षा जाणते लोक आहेत. त्यांची वाट बघतो.

पहिलंच_सर्किट

नमस्कार काका. मी बारावी झालेय, पाण्याची टाकी भरली की वाजणारा अलार्म करतेय. ५५५ टायमर आयसी, एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, बझर आणि ९ व्होल्टची बॅटरी. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पाय खोचायच्या बोर्डावर) चालतो. बोर्ड ५ बाय ४ सेंमीचा आहे. काल पहिल्यांदा इस्त्री केली. कागद काढताना अर्धे ट्रॅक कागदाबरोबरच आले. घासलं होतं नीट. इस्त्री पाच मिनिटं केली. काय चुकलं असेल?

उद्यमनगरी

ताई, तीन प्रश्न. घासल्यावर प्लेट कशानं पुसलीस? कागद ओढून काढलास की भिजवून चोळून? आणि जे ट्रॅक आले नाहीत ते मधले की कडेचे?

पहिलंच_सर्किट

ओढणीनं पुसली. कागद भिजवला होता पण पाच मिनिटांत ओढला. गेलेले सगळे एकाच कोपऱ्यातले.

उद्यमनगरी

मग उत्तर तूच दिलंस. कापडाला फॅब्रिक कंडिशनर किंवा हाताचं तेल असतं, ते परत तांब्यावर गेलं. प्लेट पुसायची नाही, उभी ठेवून वाळू द्यायची किंवा इस्त्रीच्या उष्णतेनं वाळवायची. कागद अजिबात ओढायचा नाही, भिजून त्याचा लगदा झाला पाहिजे. आणि एकाच कोपऱ्यातले गेले म्हणजे त्या कोपऱ्यावर दाब पडला नाही. फळी सपाट आहे का, पट्टी ठेवून बघ. थिनरनं सगळा टोनर पुसून पुन्हा कर. प्लेट वाया गेलेली नाही.

गुजरीतला_कारागीर

उद्यमनगरीकाकांनी बोलावलं म्हणून लिहितो. आमचं घर सोनारकामाचं. बोर्डाचं वेड मला कॉलेजात लागलं आणि घरातलीच हत्यारं वापरून शिकलो. साजाच्या एका मण्याला जितकं बारीक भोक लागतं, तेवढंच रेझिस्टरच्या पायाला.

मापं आधी. पाव वॅटचा रेझिस्टर, आयसी, बीसी ५४७, छोटा कपॅसिटर: ०.८ मिमी. ४००७ डायोड आणि पिन हेडर: १ मिमी. स्क्रू टर्मिनल: १.२ ते १.३. बोर्ड ठोकायचा स्क्रू: ३ मिमी. सुरुवातीला ०.८ आणि १, एवढी दोनच घ्या.

ड्रिल दोन जातींचं. एचएसएस (हाय स्पीड स्टील) आणि टंगस्टन कार्बाइड. एफआर-४ मध्ये काच असते, ती एचएसएसची धार लवकर खाते. धार गेली की भोकाभोवती तांब्याची कड उभी राहते, हाताला लागते. हे चिन्ह दिसलं की ड्रिल बदला. कार्बाइड काचेला पुरून उरतं पण त्याला बाजूचा ताण एक कणही सहन होत नाही. हातात धरलेल्या मशीनमध्ये कार्बाइड लावलं की ते तुटणारच. ते फक्त स्टँडवर. हातानं पाडायचं तर एचएसएस, आणि बोर्ड तपकिरी.

आम्ही दागिन्यांना वापरतो ती लटकवायची फ्लेक्सिबल शाफ्टची मोटर बोर्डासाठी अप्रतिम आहे. पायाखाली वेग कमी-जास्त करता येतो, हातात फक्त पेनाएवढं हँडपीस असतं. ज्यांच्याकडे नाही त्यांनी सोनारकामाच्या सामानाच्या दुकानात हातानं फिरवायचं पिन व्हाइस मागावं. दोन बोटांत धरून फिरवायचं. ८ पायांच्या आयसीची भोकं त्यानं आरामात होतात, वीज लागत नाही आणि ड्रिल सहसा तुटत नाही. पहिला बोर्ड मी सगळ्यांना हातानंच पाडायला सांगतो, कारण तांबं संपून खालचं फिनॉलिक लागल्यावर बोटाला जो फरक कळतो तो मशीनवर कळत नाही.

भोकाची जागा. पॅडच्या मधोमध ड्रॉइंगमध्येच अर्ध्या मिलिमीटरचा पांढरा ठिपका ठेवा. इचिंगमध्ये त्या ठिपक्यातलं तांबं जातं आणि बारीक खळगा तयार होतो. ड्रिलचं टोक आपोआप त्यात बसतं. म्हणून आधी इचिंग, मग भोकं. मार्करनं हातानं काढलेल्या बोर्डाला मात्र उलटं: आधी आलेखाचा कागद चिकटवून २.५४ मिमीवर (आयसीच्या दोन पायांमधलं अंतर) खुणा करून भोकं पाडा, मग भोकांभोवती पॅड काढा.

खाली लाकडाचा सपाट तुकडा ठेवा, म्हणजे मागची बाजू फुटत नाही. भोकं पाडेपर्यंत टोनर पुसू नका, तांब्याला हवा लागत नाही. आणि मास्क, चष्मा. काचेची धूळ छातीत जाते आणि तुटलेल्या ड्रिलचा तुकडा गोळीसारखा उडतो. कामानंतर धूळ फुंकू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

उद्यमनगरी

यात एक भर. १२ व्होल्टच्या छोट्या मोटरीला चक (ड्रिल पकडणारा भाग) लावून स्टँड करणाऱ्यांसाठी: बाजारातले पितळी चक बहुतेक वाकडे फिरतात. स्क्रूनं एका बाजूनं आवळलं की ड्रिल केंद्रातून सरकतं. मी आमच्या गल्लीतल्या लेथवाल्याकडून मोटरीच्या शाफ्टच्या मापाचं पितळी बुश करून घेतलं. शाफ्टचं आणि ड्रिलचं भोक एकाच वेळी, लेथवरून जॉब न काढता पाडून. तेव्हापासून कार्बाइड ड्रिल तुटायचं जवळपास थांबलं. उद्यमनगरात हे काम समजणारी माणसं दर दहा पावलांवर आहेत, शाफ्ट सोबत घेऊन जा म्हणजे झालं.

रसायनताई

धागा वाचून आनंद झाला, पण एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. वापरलेल्या फेरिकचं काय करता?

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. फेरिक क्लोराईड तांब्याला विरघळवतं आणि स्वतः फेरस क्लोराईड होतं. तांब्याचं क्युप्रिक क्लोराईड होऊन पाण्यात उतरतं. म्हणून वापरलेलं द्रावण हिरवट-काळपट दिसतं. आकडा बघा: १० बाय १० सेंमीच्या बोर्डावर ३५ मायक्रॉन तांबं म्हणजे सुमारे ३ ग्रॅम. तेवढं सगळं त्या पाण्यात असतं. विरघळलेलं तांबं माशांना आणि शेवाळाला अगदी थोड्या प्रमाणातही विषारी असतं. आपल्या बाथरूमचं पाणी गटारातून नाल्यात आणि नाल्यातून पंचगंगेत जातं. पंचगंगेच्या काठावर मेलेल्या माशांचा खच आपण सगळ्यांनी पाहिलाय. तिच्यात आपण आणखी भर घालायची नाही.

माझी पद्धत अशी. प्लास्टिकच्या बादलीत, उघड्यावर, आसपास आग नाही हे बघून, वापरलेल्या द्रावणात लोखंडी खिळे टाकायचे. काही वेळात खिळ्यांवर लालसर थर येतो, तो आपल्या बोर्डाचंच तांबं आहे. लोखंड विरघळतं आणि तांबं बाहेर पडतं. बुडबुडे येतात, तो हायड्रोजन असतो, म्हणून उघड्यावर. ॲल्युमिनियम चुकूनही टाकू नका, फार जोरात उकळतं. दिवस-दोन दिवसांत पाणी फिकट हिरवं होतं. मग धुण्याचा सोडा चमचा-चमचा घालायचा. जोरात फेस येतो, म्हणून बादली मोठी घ्या, अर्धी रिकामी. पीएच पट्टीवर ८ आलं की थांबा. दुसऱ्या दिवशी गाळ खाली बसलेला असतो. वरचं पाणी नितळ झालं असेल तर ओतता येतं. गाळ आणि खिळ्यांवरचं तांबं वाळवून प्लास्टिकच्या डब्यात साठवा. ओळखीचा प्लेटिंगवाला असेल आणि त्याच्याकडे ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) असेल तर त्याला विचारून द्या.

दुसरं: फेरिक कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवू नका. रंग अगदी तसाच दिसतो. घरात लहान मूल असेल तर विचारही नको. जाड प्लास्टिकची बाटली, मोठ्या अक्षरांत चिठ्ठी, आणि कुलपात.

उद्यमनगरी

ताई, हे माझ्याकडून राहिलं हे मोठं चुकलं. पहिली काही वर्षं मी ते मोरीतच ओतत होतो. कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. आता माझ्याकडे अशा पाच बाटल्या साठल्यात. वरच्या लेखात ही ओळ नसली तर तो अपुरा आहे, म्हणून सगळ्यांना विनंती, ताईंचा प्रतिसाद आधी वाचा.

आणि फेरिक कमी लागावं याचा उपाय ड्रॉइंगमध्येच आहे. ट्रॅकच्या मधली मोकळी जागा ग्राउंडच्या तांब्यानं भरून टाका. जेवढं तांबं बोर्डावर राहील तेवढं द्रावणात कमी जाईल, एक बाटली दुप्पट बोर्डांना पुरेल.

बांधावरचा

काका, माझं एक काम हाय. आमच्या विहिरीवर साडेसात एचपीची थ्री फेजची मोटर हाय. लाइट रातीला येत्या, तवा कुणीतरी उठून चालू करायला लागतंय. मी टायमर आणि रिलेचा बोर्ड घरी करालोय. ट्रॅक किती जाड ठेवू?

उद्यमनगरी

भावा, रात्री अंधारात बांधावरून जाणं काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. ४१५ व्होल्टची कुठलीही तार घरी केलेल्या बोर्डावर आणू नकोस. आपल्या बोर्डावर सोल्डर मास्क, म्हणजे ट्रॅक झाकणारा हिरवा लेप, नसतो. ओल, मुंग्या, पाल, विहिरीवर सगळं येतं. दोन ट्रॅकमध्ये ओली धूळ बसली की त्यातून वीज वाहते, फिनॉलिक जळून कोळसा होतो आणि कोळसा पुन्हा वीज वाहतो. पुढं आगच.

तुझा टायमर १२ व्होल्टचा ठेव, तो बोर्ड घरी कर. पुढची मोटरची बाजू तयार स्टार्टरवर, ओव्हरलोड रिले आणि फेज प्रिव्हेंटरसकट (एक फेज गेला तर मोटर बंद करणारा), आणि ती जोडणी लायसनवाल्या वायरमनकडून. १२ व्होल्टच्या बाजूला १ मिमी ट्रॅक एक अँपिअरला निर्धास्त चालतो. ३५ मायक्रॉन तांब्यावर त्यापेक्षा जास्त पेलतो, पण आपल्या इचिंगमध्ये कडा खाल्ल्या जातात, म्हणून राखून धरायचं.

बांधावरचा

पटलं. बारा व्होल्टचंच करतो. बाकीचं वायरमनला दाखवतो.

मुक्काम_इचलकरंजी

लूमच्या सेन्सरसाठी मला एकसारखे ४० बोर्ड लागतात. इस्त्रीनं तेवढे करणं म्हणजे आठवडा. मी लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून स्क्रीन करून घेतो. ट्रेसिंग पेपरवर काळाकुट्ट प्रिंट द्यायची, तो कापड ताणलेल्या चौकटीवर लेप देऊन उजेडात घेतो, आणि मग स्क्वीजीनं (रबरी पट्टीनं) इच रेझिस्ट शाई, म्हणजे फेरिकला दाद न देणारी शाई, ओढायची. एका तासात चाळीस प्लेट छापून होतात. दहापेक्षा कमी बोर्डांना परवडत नाही. अर्धा मिमीपेक्षा बारीक ट्रॅक मात्र मला यात भरवशाचा येत नाही.

ढगाआड

सगळं वाचलं. पण मनापासून विचारतो, आता नेटवर फाइल टाकली की भोकांसकट, हिरव्या मास्कसकट, दोन्ही बाजूंचे पाच बोर्ड घरपोच येतात. मग हे फेरिक, ही धूळ, हा गाळ कशासाठी? नदीची काळजी असेल तर न करणंच बरं नाही का?

उद्यमनगरी

प्रश्न योग्य आहे. माझे गिऱ्हाइकाला द्यायचे बोर्ड मी पण बाहेरूनच मागवतो. दोन्ही बाजूंचे, बारीक पायांच्या आयसीचे बोर्ड घरी करण्यात वेळ घालवू नका.

पण सकाळी डोक्यात आलेलं सर्किट संध्याकाळी टेबलावर चालताना बघायचं असेल, तर घरच्यासारखं दुसरं नाही. बाहेरून यायला दिवस जातात, आणि चूक सापडली की पुन्हा तेवढेच दिवस. शिवाय ज्या मुलांनी एक बोर्ड स्वतः खरवडलाय, त्यांच्या ड्रॉइंगमध्ये फरक दिसतो. पॅड मोठा ठेवतात, दोन ट्रॅकमध्ये हवा सोडतात, कनेक्टर काठावर घेतात. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांत हा फरक मी दर वर्षी बघतो. नदीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. गाळाची सोय करायची नसेल त्यानं फेरिक आणूच नये.

रसायनताई

सहमत. आणि मीठ, सायट्रिक ॲसिड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी कृती नेटवर "पर्यावरणपूरक" म्हणून फिरते. त्यातही शेवटी तांबं पाण्यातच उतरतं, गाळाचं काम तेवढंच राहतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि पेरॉक्साइडचं मिश्रण तर घरात करूच नका, क्लोरीनची वाफ येते.

पहिलंच_सर्किट

काका, बोर्ड निघाला! पाण्याची परीक्षा दोनदा केली, कागद वीस मिनिटं भिजवला, अर्ध्या मिनिटात बाहेर काढून बघितलं. एक ठिपका चकचकीत होता, तो खरवडला. अठरा मिनिटं लागली. भोकं पिन व्हाइसनं पाडली, २६. पण आता आयसी लावताना लक्षात आलं की सगळं उलटं आहे. आयसीचा १ नंबरचा पाय ८ च्या जागी येतोय. प्रिंट काढताना मी मिरर केलं होतं, एका व्हिडिओत तसं सांगितलं होतं. आता टाकून द्यायचा का?

उद्यमनगरी

अजिबात नाही. आधी का झालं ते बघ. सॉफ्टवेअरमध्ये खालच्या बाजूचं तांबं आपल्याला वरून, बोर्डातून आरपार बघितल्यासारखं दिसतं. कागद प्लेटवर पालथा घातला की ते एकदा उलटतं, तेवढं पुरे. पाय भोकातून घालायच्या एका बाजूच्या बोर्डाला मिरर करायचं नाही. वरच्या तांब्यावर, म्हणजे भाग त्याच बाजूला चिकटवायचे असतील तर करायचं. विसरायला होत असेल तर खालच्या तांब्याच्या लेयरवर तुझं नाव लिही. कागदावर ते उलटं दिसलं पाहिजे, मग तांब्यावर सुलटं येतं.

आता बोर्ड वाचवू. बीसी ५४७ नुसता फिरवून लाव, सपाट तोंड दुसऱ्या दिशेला. तीन पाय एका रांगेत असल्यानं ते जुळतं. रेझिस्टरला दिशा नसते. कपॅसिटर आणि बझरचं प्लस-मायनस ट्रॅकचा माग काढून ठरव. राहिला ५५५. तो तांब्याच्या बाजूनं बसव: पाय बाहेरच्या बाजूला आडवे वाकव आणि पॅडवर टेकवून सोल्डर कर. तिकडून बघितलं की १ च्या जागी १ च येतो. सॉकेट लावू नको.

गुजरीतला_कारागीर

सोल्डर करायच्या आधी थिनरनं टोनर पूस, घासणीचा हलका हात दे. मग राळ स्पिरिटमध्ये विरघळवून ब्रशनं एक हात लाव. वाळली की तांबं काळं पडत नाही आणि सोल्डर पाण्यासारखं धावतं. आणि बॅटरी लावायच्या आधी बोर्ड खिडकीसमोर धरून मागून उजेड घे. ट्रॅकमधली केसाएवढी भेग उजेडाची रेघ होऊन दिसते. तुझी प्लेट तपकिरी असेल तर उजेड नीट येणार नाही, मग मल्टीमीटर बीपवर ठेवून एकेक ट्रॅक तपास.

पहिलंच_सर्किट

बीपवर सगळे ट्रॅक तपासले. एक तुटका होता, बझरकडं जाणारा. त्यावर रेझिस्टरच्या पायाचा तुकडा ठेवून सोल्डर केला. ५५५ तांब्याच्या बाजूला बसलाय. काल रात्री डबीत घालून गच्चीवरच्या टाकीला लावला. आज पहाटे पाणी आलं आणि पावणेसहाला बझर वाजला. आजीला वाटलं दारावर कुणी आलं, ती उठून दार उघडायला गेली.

फेरिकची बाटली चिठ्ठी लावून कपाटात ठेवलीय. अर्धा लिटर आहे, अजून वापरता येईल ना?

उद्यमनगरी

येईल. २० चौरस सेंमीच्या बोर्डात फार तर अर्ध्या ग्रॅमच्या आसपास तांबं गेलंय. गरम असूनही अर्ध्या तासावर वेळ जायला लागला की संपलं समज. आता दुसरा बोर्ड मिरर न करता कर, म्हणजे ५५५ सॉकेटमध्ये बसवता येईल.

रसायनताई

ज्यांच्याकडे वापरून संपलेलं फेरिक साठलंय त्यांनी पुढच्या रविवारी सकाळी दहाला घेऊन या. आमच्या शेतावर उघड्यावर एकदमच करू. जागा व्यक्तिगत निरोपात कळवते. बाटल्या घट्ट झाकणाच्या, बादलीत उभ्या ठेवून आणा, गाडीच्या डिकीत आडव्या नकोत. सोडा आणि पीएच पट्ट्या माझ्याकडे आहेत, खिळे कमी पडतील.

मुक्काम_इचलकरंजी

माझ्याकडे दोन कॅन आहेत. खिळे मी आणतो, भंगारातले दोन किलो.